यंदा महालक्ष्म्या एकवीस सप्टेंबरला

सोळा अनारसे तळून झाले होते आणि सतरावा कढईत होता. अनारसा एकाच बाजूनं तळायचा असतो, खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्यानं वरून तूप उडवत. नजर हलली की तळ करपतो. तेवढ्यात माझी पुतणी राजनंदिनी पाठीवर बॅग आणि काखेत कॅमेऱ्याची तिपाई घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. नांदेडहून एसटीनं आली होती, त्याच्या आधी दोन विमानं. पाया पडली, ताटाकडं पाहिलं आणि हसली.

"काकू, दिवाळी लवकर आली का तुमच्याकडं? अनारसे काहून?"

"धोंड्याचा महिना न्हाई का. दिपाचे मालक येऊन राहिले रविवारी. जावयाला तेहतीस द्यावे लागतात."

"धोंडा म्हणजे?"

तिला सांगितलं. धोंडा म्हणजे अधिक महिना, तीनेक वर्षांतून एकदा येतो. यंदा श्रावणच दोनदा आलाय. हा चालू आहे तो जास्तीचा, खरा श्रावण सतरा ऑगस्टला लागेल. त्यामुळं पुढचे सगळे सण महिनाभर लांबले.

बॅग तिनं अर्धी उतरवली होती, ती तशीच खांद्याला लोंबत राहिली. "सगळे म्हणजे? महालक्ष्म्या बी?"

"त्या काय वेगळ्या पंचांगानं येतात व्हय? एकवीस सप्टेंबरला येतात, बावीसला पूजन, तेवीसला बोळवण."

"ऑगस्ट म्हणायचंय काकू तुमाला."

"सप्टेंबर म्हणते मी. कॅलेंडर लावलंय बघ फ्रिजपाशी."

ती गेली, पानं उलटली, परत पहिल्या पानावर आली, परत उलटली. मग गव्हाच्या पोत्यावर बसली आणि तोंडावर हात ठेवला. मी तिच्याकडं पाहत राहिले आणि सतरावा अनारसा करपला.

राजनंदिनी माझ्या मोठ्या दिरांची, विजयकुमार भाऊजींची मुलगी. तिच्या आईची नर्सची नोकरी, आज या गावी तर उद्या त्या गावी, म्हणून सातवीपर्यंत पोरगी आमच्याकडं कुरुंद्यातच होती. हिंगोलीला भाऊजींचं औषधाचं दुकान नीट चाललं तेव्हा तिला तिकडं नेली. पण महालक्ष्म्या, म्हणजे ज्येष्ठा गौरी, आमच्याच घरी बसतात, सासूबाई इथं असतात म्हणून, त्यामुळं त्या तीन दिवसांना ती दरवर्षी इथंच.

ती दहा वर्षांची असेल तेव्हाची गोष्ट. हळदीकुंकवाला बाया यायच्या आणि ही दारात उभी राहून सांगायची, "आधी खाली लक्ष्म्यांच्या लेकरांकडं बघायचं, मंग पायऱ्या, मंग वर तोंडाकडं." कुणी आल्या आल्या सरळ वर पाहिलं तर हिला राग यायचा. एका साली मी हौसेनं प्लास्टिकच्या फुलांची मोठी कुंडी मांडली होती. हिनं ती उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवली. विचारलं तर म्हणे, "तिच्यामुळं धाकट्या लक्ष्मीच्या साडीचा काठ दिसत न्हाई." रागावले मी, पण काठ खरंच दिसत नव्हता.

पुढं नांदेडला चित्रकलेचं शिकली. स्वतःची चित्रं तिला फार आवडत नसत. दुसऱ्याचं चित्र भिंतीवर कुठं लावावं, कशाच्या शेजारी लावावं, त्याच्यावर काय लिहावं, यात तिचा जीव. त्याचंही शिक्षण असतं हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. कलासमीक्षा आणि क्युरेटिंग. स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात एक वर्षाचा अभ्यास. नंबर लागला आणि मागच्या सप्टेंबरात गेली.

गल्लीत विचारायचे, पोरगी काय शिकाया गेली? मी जमेल तसं सांगायची. आमच्या शेजारच्या पद्माबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवायची. एवढ्यासाठी एवढ्या लांब काहून धाडली ओ? आमच्या जाऊबाई घरबसल्या शिकवतील, वर चहा बी पाजतील."

राजनंदिनीला हे फोनवर सांगितलं तर आधी खूप हसली. मग म्हणाली, "काकू, तकलीफ अशी हाय की तिकडं मला समदे इकडचंच विचारतात, आन् इकडं आले की तिकडचंच." वर्गात कुणी काचेच्या भांड्यावर लिहितं, कुणी जुन्या जहाजांवर. हिला कशावरही लिहायचं असलं तरी मास्तर म्हणायचे, तुमच्याकडचं काही सांगा. सहा महिने तिनं टाळलं. शनिवार-रविवार एका चित्रप्रदर्शनाच्या इमारतीत काम करायची. आत नव्हे, बाहेर, लोकांचे कोट टांगायचं. शेवटी फेब्रुवारीत चिडून म्हणाली, बरं, सांगते इकडचं, पण असं सांगते की परत कुणी विचारणार न्हाई. विषय घेतला महालक्ष्म्यांची आरास. घरातली बाई कुणाकडं न शिकता एका खोलीत अडीचशे वस्तू कशा मांडते, कोणती कुठं आणि काहून, आणि तीन दिवसांनी ते सगळं कसं उतरवते. अट एकच होती. ऐकीव लिहायचं नाही. मांडणी होताना समोर बसून टिपायची, फोटो काढायचे, आणि त्यावरून तिकडच्या दालनात प्रदर्शन कसं करता येईल याचा आराखडा द्यायचा.

आणि ते सगळं द्यायची तारीख चार सप्टेंबर.

पोत्यावर बसून तिनं मला हिशेब सांगितला. मागल्या साली महालक्ष्म्या तीन सप्टेंबरला आल्या होत्या. दरसाल सण दहा-अकरा दिवस अलीकडं येतो. म्हणजे यंदा तेवीस ऑगस्ट. तेवीस ते पंचवीस टिपायचं, एकतीसचं परतीचं विमान, चारला काम द्यायचं. तिच्या मास्तरीणबाईंनी त्या तारखांवर सही केली होती.

"पण कुणाला विचारलं का न्हाईस गं?"

"पप्पांना विचारलं होतं."

लगेच भाऊजींना फोन लावला, स्पीकरवर.

"पप्पा, तुमी म्हणाले होते ना अकरा दिवस अलीकडं येतं म्हणून?"

"येतंच की. मोहरम बी येतो अकरा दिवस अलीकडं."

"पप्पा, मोहरमला धोंडा नसतो!"

"मंग मी काय भटजी हाय का? दुकानात गिऱ्हाईक हाय. काकूला विचारायचं ना."

"काकूला विचारायचं ना," ती माझ्याकडं बघून म्हणाली आणि फोन बंद केला. खरं सांगायचं तर मलाही तिचा रागच आला. जानेवारीपासून कॅलेंडर इथं टांगलंय. अनारशाची कृती विचारायला, भरताला वांगं कसं भाजू हे विचारायला पोरीचा फोन यायचा. पण अभ्यासाची गोष्ट काकूला काय कळणार, असं तिच्या मनात कुठंतरी असणारच. ती तसं बोलली नाही. मीही नाही.

काम वेळेत गेलं नाही तर काय, हे तिनं जेवताना सांगितलं. पहिल्या फेरीत पास झाली तरच एका लहान म्युझियममध्ये एक ऑक्टोबरपासून नोकरी होती. वस्तू हाताळायची, नोंदी करायची, मांडायची. कोट टांगायची नाही. तीन जणींतून हिला निवडली होती. दुसरी फेरी जानेवारीत, तिच्यात कितीही चांगलं लिहा, नुसते पासापुरते मार्क. आणि नोकरी काही जानेवारीपर्यंत थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसली. शकुबाई म्हणतात त्यांना गावात, वय त्र्याऐंशी, कान तल्लख. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे त्यांच्या सासूच्या वेळचे. बोळवण झाली की ते कोरड्या फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत पुरतात, ते पुढल्या साली आवाहनाच्या दिवशीच वर निघतात. मधे त्यांना उजेड दाखवायचा नाही.

"आजी," राजनंदिनी म्हणाली, "यंदा आपण थोड्या आधी बसवू का महालक्ष्म्या?"

"आधी म्हणजे?"

"म्हणजे पूजा न्हाई करायची. नुसती मांडणी. मी फोटो काढते, लिहून घेते, आन् परत ठेवून देऊ. सप्टेंबरात पुन्हा बराबर बसवा तुमी."

सासूबाईंनी पान तोंडात नीट सारलं. "नंदे, तुझ्या घरी पाहुणी येणार हाय पंधरवड्यानं. तिला आजच बोलावायचं, नेसवायचं, समोर सोळा भाज्या मांडायच्या, फोटो काढायचा, आन् म्हणायचं, जा बाई आता, जेवाया मागून ये. असं करतात व्हय कुणी?"

"आजी, मुखवटे हायत ते."

"मंग तू कशाला आलीस विमानात बसून? पितळ तिकडं मिळत न्हाई का?"

मी पदर तोंडाला लावून हसले. राजनंदिनी हसली नाही. उठून गच्चीवर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. माझ्याच्यानं कुणाची बाजू घेववेना. अनुराधा नक्षत्रावर लक्ष्म्या येतात, हे मला जन्मापासून माहीत. पण लेकराचं वर्ष जाताना दिसत होतं तेही खरंच.

तिनं मास्तरीणबाईंना लिहिलं. उत्तर आलं ते तिनं मला मराठीत सांगितलं. बाई म्हणत होत्या, फार वाईट वाटलं. पण तुमच्या घरचे लोक हा विधी थोडा आधी करू शकणार नाहीत का? राजनंदिनी म्हणाली, "घ्या! आजीसमोर मी येडी ठरले ते हेच विचारून."

मग मुदतवाढीचा अर्ज. त्याला पुरावा हवा. सण पुढं गेला याचा पुरावा. तिनं फ्रिजपाशी टांगलेल्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. तीन दिवसांनी उत्तर, खाजगी छपाईचा कागद चालणार नाही. मग आमचे भटजी जोशी काका, त्यांच्याकडं गेलो. त्यांनी आपल्या लेटरहेडवर शके, संवत्सर, अयन, ऋतू सगळं घालून दीड पान लिहिलं, खाली सही आणि मोबाइल नंबर. राजनंदिनीनं रात्रभर बसून इंग्रजी केलं. पुन्हा तीन दिवस. उत्तर, धार्मिक सल्लागाराचं पत्र हे अधिकृत कागदपत्र धरता येत नाही, शासनाचा किंवा शाळेचा कागद द्यावा.

"म्हणजे आता तलाठ्याकडून आणू का, की यंदा श्रावण दोनदा आला म्हणून?" तिनं मोबाइल उशीवर आपटला. "सातबाऱ्यावर चढवा म्हणावं अधिक महिना!"

ते दिवस घरात फार अवघड गेले. ती दिवसभर माझ्या मागं वही घेऊन फिरायची, निदान बोलणं तरी टिपून ठेवते म्हणून. जिथं महालक्ष्म्या बसतात ती रिकामी भिंत टेपनं मोजली. पायऱ्यांच्या फळ्या कुठं ठेवता, पहिली कोणती, आरसा मागं काहून.

"आरसा मागं काहून, काकू?"

"तिथं खिळा हाय म्हणून."

"तसं न्हाई. काही कारण असंल ना. उजेड दुप्पट होतो, मागची बाजू दिसते..."

"सासूबाईंनी लावला होता. खिळा होता."

"काकू, असं लिहिता येत न्हाई मला."

"मंग खरं लिहायचं असलं तर काय लिहितात तिकडं?"

तिनं वही मिटली. मला वाईट वाटलं, पण मी खोटं काय सांगू? दुपारी पोथी वाचायला बसले तर मन लागेना. एकच अध्याय दोनदा वाचला. जावई येऊन गेले, तेहतीस अनारसे घेऊन गेले. करपलेला मोजला नाही, वेगळा केला होता. दिपा जाताना म्हणाली, "आई, ताई किती वाळली गं." मी म्हटलं, काळजीनं वाळतं माणूस, तिथल्या थंडीनं न्हाई.

कागद शेवटी सुचला तो आमच्या ह्यांना. तातेराव म्हणजे माझे मालक जिल्हा परिषदेच्या शाळेत लिपिक आहेत. चहा पिता पिता म्हणाले, "अगं, महालक्ष्म्यांची सुट्टी असते की. दर जानेवारीत स्थानिक सुट्ट्यांचा आदेश येतो जिल्ह्याचा. त्यात तारीख असते, सही असते, गोल शिक्का असतो. माझ्या फायलीत हाय."

आठ दिवस आम्ही जोशी काकांचं शके-संवत्सर घेऊन नाचत होतो, आणि कागद ह्यांच्या फायलीत! राजनंदिनीनं त्यांच्याकडं असं पाहिलं की ह्यांनी कप खाली ठेवला आणि "मला काय म्हाईत तुमाला पाहिजे ते" म्हणाले.

आदेश मराठीत. त्याचं इंग्रजी करून त्यावर शाळेचा शिक्का हवा होता. मुख्याध्यापक रत्नपाल सरांनी राजनंदिनीला सातवीत इंग्रजी शिकवलं होतं. मी तिच्याबरोबर गेले. सरांनी चष्मा लावून आदेश वाचला.

"ज्येष्ठा गौरी पूजन, बावीस सप्टेंबर, शुक्रवार. बराबर हाय. आमच्या घरी महालक्ष्म्या बसत न्हाईत, पण सुट्टी आमी बी घेतो बरं का, तिच्यात काही भेद न्हाई."

राजनंदिनीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. सरांनी स्वतः टाइप केलं. एका ओळीपाशी थांबले. "अधिक महिन्याला इंग्रजीत काय म्हणू?"

"जास्तीचा महिना, एवढंच म्हणा सर. लीपसारखं."

"लीपला एक दिवस वाढतो, पोरी. आपल्याकडं महिना वाढतो. साहेबांना वाटंल, हे लोक महिनाच ढापून राहिले." पण लिहिलं नीट, दोन ओळी जास्त घालून, आणि शिक्का मारला. चहा पाजला. निघताना म्हणाले, "तू सातवीत माझ्या फळ्यावरचा नकाशा पुसला होतास, मला आठवतं. म्हणे महाराष्ट्र फार कोपऱ्यात काढलाय."

"कोपऱ्यातच काढला होता सर."

"होय बाई. फळ्याला खड्डा होता तिथं."

कागद गेला. हे झालं तेव्हा चोवीस ऑगस्ट होती, म्हणजे तिच्या हिशेबानं आमच्या घरी महालक्ष्म्या बसलेल्या असायच्या तो दिवस. खरा श्रावण सुरू होऊन आठवडा झाला होता, मी शुक्रवारच्या सवाष्णीची तयारी करत होते. अठ्ठावीसला उत्तर आलं. ती वाचत असताना मी तिच्या तोंडाकडंच बघत होते. आधी उजळलं. मग तसंच थांबलं.

"मिळाली का वाढ?"

"मिळाली. दोन आठवडे. त्यांच्या नियमात त्याच्यावर देताच येत न्हाई."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"अठरा सप्टेंबर."

मी मनात मोजलं. तिनं आधीच मोजलं होतं. तीन दिवस. फक्त तीन दिवस कमी. एकवीसला यायच्या, अठराला द्यायचं.

मला काय झालं कुणास ठाऊक, अंगाची आग आग झाली. पंचांगाचा, त्या विद्यापीठाचा, भाऊजींचा, फायलीत कागद ठेवून चहा पिणाऱ्यांचा, सगळ्यांचा राग एकदम आला. मी दार लोटलं आणि तिला म्हटलं, "ऐक. जवळा बाजार गावच्या बाजारात मुखवटे येतात पोळ्याआधी. नवे आणू, मातीचे. जुने कोठीत राहू दे, सासूबाईंना कळायचं कारण न्हाई. मागच्या खोलीत पंधरा तारखेला मांडू. साड्या माझ्या. फराळ मी करते. भाज्या सोळा न्हाई मिळाल्या तर अकरा. पूजा करायची न्हाई, वटी भरायची न्हाई. तू फोटो काढ आन् दे पाठवून. तिकडं कुणाला कळणार हाय?"

आयुष्यात मी असं बोलले नव्हते.

राजनंदिनीनं मान हलवली. "न्हाई काकू."

"काहून न्हाई? पाप लागलं तर मला लागंल. तू तर आजीला आपल्या तोंडानं विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं. तवा मी माझाच निबंध विसरले होते." मग तिनं सांगितलं. पहिल्या सहामाहीत तिनं तिथल्या एका प्रदर्शनावर समीक्षा लिहिली होती. त्यांनी कुठल्यातरी देशातला देव्हारा आणून मांडला होता, पुढं फुलं कागदाची, दिवा बॅटरीचा, आणि पाटीवर लिहिलेलं, पूजेची घटका. हिनं लिहिलं होतं की इथं घटकाही नाही आणि पूजाही नाही, फक्त दोघींचं सामान आहे. बघणाऱ्याला खोटं सांगितलंय, आणि ज्यांचा देव्हारा त्यांना विचारलेलंही नाही. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क त्या निबंधाला. मास्तरीणबाईंनी तो पुढच्या वर्गाला वाचायला लावलाय. "आता मीच बॅटरीचा दिवा लावू, काकू? अठराला देईन, पास होईन, म्युझियमात लागेन. आन् मंग तिथं दुसऱ्यांच्या पाट्या खऱ्या का खोट्या ते मी तपासू? कोणत्या तोंडानं?"

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. उलट तिचाच राग आला. देवाधर्माचं सांभाळणारी मी, ते मोडायला निघाले तिच्यासाठी, आणि ही मला नियम सांगते! म्हटलं, "मंग बस आता एक वर्ष घालवून."

"बसतेच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी, नाक वर ओढत. "मला बी हौस न्हाई काकू! ती नोकरी माझी होती. तीन जणींत मला घेतली होती. एक महिना जास्तीचा आला कुठून तरी, आन् तो बी माझ्याच वर्षात!"

सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "काहून रडून राहिली गं पोरगी?" मी म्हटलं, "तारीख चुकली तिची." सासूबाई म्हणाल्या, "मंग देवाला सांगा म्हणावं, तारीख बदल." आणि थोड्या वेळानं, आपल्याशीच, "न्हाई बदलायचा तो. मी बी सांगितलं होतं एकदा." कशासाठी सांगितलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं दोन पत्रं लिहिली. एक विद्यापीठाला, की मी जानेवारीच्या फेरीत काम देईन, मांडणी समोर बसून टिपल्याशिवाय देणार नाही. दुसरं म्युझियमला, की मला येता येणार नाही. दुसरं लिहायला तिला फार वेळ लागला. चार ओळीच होत्या. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवल्या, मला इंग्रजी येत नाही तरी. मी म्हटलं, बराबर हाय. काय बराबर होतं ते मला सांगता आलं नसतं.

सकाळी म्युझियमचं उत्तरही आलं, फार गोड भाषेत, की दुसऱ्या मुलीला विचारत आहोत. भाऊजींचा फोन आला. म्हणाले, "काय नंदे, तीन दिवसांसाठी एवढं? थोडं पुढंमागं करायचं असतं जगात." तिनं फोन माझ्या हातात दिला. मी भाऊजींना आजवर उलटून बोलले नव्हते. म्हटलं, "भाऊजी, पुढच्या साली पंचांग बघत जा," आणि ठेवून दिला.

आता ती तेवीस सप्टेंबरपर्यंत इथंच आहे. राग गेलेला नाही. जेवताना मधेच थांबते, ताटाकडं बघते. पद्माबाई विचारायला आल्या, की परत गेली न्हाई का अजून? तर म्हणाली, "न्हाई मावशी, तुमच्या जाऊबाईंकडं शिकवणी लावलीय." त्या हसल्या, ही नाही. वहीत तिनं नवं पान काढलंय. आरसा मागं काहून, या प्रश्नापुढं माझं उत्तर जसंच्या तसं लिहिलंय: खिळा होता. त्याच्याखाली तिनं इंग्रजीत बरंच काही लिहिलं आणि सगळं खोडलं.

परतीचं विमान एकतीसचं आहे, म्हणजे परवाचं. ते बदलायला हवं. तिकीट नांदेडच्या एजंटाकडून काढलेलं, फोनवर तो "समक्ष या, पासपोर्ट घेऊन या" एवढंच म्हणतो. तर उद्या सकाळी सात वाजताच्या एसटीनं राजनंदिनी नांदेडला जाईल, तिकिटाची तारीख बदलून आणायला.